आजीचं अस्तर आणि माझा तासाचा भाव

इथे सगळे बडोद्याच्या जुन्या वाड्यांच्या, गणपतीच्या आठवणी लिहितात. माझी आठवण 2020-21 ची आहे आणि चक्क पैशाची आहे. चालवून घ्या.

लॉकडाऊनमध्ये माझी ऑफिसची नोकरी गेली. मुलीच्या शाळेची फी काही थांबत नव्हती. मग व्हर्च्युअल असिस्टंटचं काम धरलं. म्हणजे परदेशातल्या साहेबाची घरबसल्या सेक्रेटरी! मेल बघायचे, मीटिंगा लावायच्या, बिलं पाठवायची. पहिल्या अमेरिकन साहेबाने विचारलं, तासाचे किती? मी घाईघाईत 4 डॉलर लिहून टाकले. डॉलर तेव्हा 74-75 रुपयांना होता, म्हणजे तासाला 300. जुना पगार तासांवर वाटला तर दीडशेसुद्धा पडत नव्हते. मी खूश.

सहा महिने झाले तरी हातात महिन्याला पंचवीस हजारांच्या वर काही येईना, आणि मी तर अर्ध्या रात्रीपर्यंत कॉम्प्युटरसमोर. घरचे म्हणायचे, घरीच तर आहेस.

एकदा दांडिया बाजारात आजीकडे गेले. आजी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात शिवण शिकलेली, नंतर चाळीस वर्षं घरी ब्लाउज शिवले. तिला माझं काम कळत नव्हतं, हिशोब मात्र बरोबर कळला.

"म्हणजे मशीन चालेल तेवढ्याचेच पैसे ने?"

"हो."

"आणि माप घेणं, उसवणं, हातशिलाई, हूक लावणं? गिऱ्हाईक दारात अर्धा तास बोलत उभं राहतं ते?"

"त्याचे कोण देणार, आजी?"

"कोणी नाही देत. म्हणून ते भावात धरायचं. आणि अस्तराचे मी वेगळे घ्यायचे. बायका नाक मुरडायच्या, पण द्यायच्या."

त्या रात्री वही घेऊन बसले. घरात 40,000 लागत होते. नेट, इन्व्हर्टरची बॅटरी, मेडिक्लेम, नव्या लॅपटॉपसाठी बाजूला टाकायचे, असे अजून 8,000. वर्षाचे झाले 5,76,000. आता तास. मी दिवसाचे आठ धरत होते, पण नवीन काम शोधणं, बिलं, "एक मिनिट बोलायचं होतं" वाले फोन वजा केले तर पैसे मिळणारे जेमतेम पाच. महिन्याचे 22 दिवस आणि वर्षाचे 11 महिने (आजारपण, सणवार आपल्यालाही असतात) म्हणजे 1,210 तास. भागाकार केला तर तासाला 476 रुपये. त्यात मधली वेबसाइट आपला हिस्सा कापते, डॉलरचे रुपये करताना बँक कापते. म्हणजे 7 डॉलरला मी जेमतेम काठावर. 8 ठरवले. शिवाय पाव तासाच्या खाली बिल नाही, फोनचासुद्धा तास धरणार.

आकडा निघाला, पण तो सांगायचा कसा? आमच्या घरात भाव सांगणं म्हणजे हावरटपणा. आईने वर्षानुवर्षं शिकवण्या घेतल्या, फीचं विचारलं की "द्या तुम्हाला वाटेल ते." तो चार ओळींचा मेल मी दोन दिवस लिहीत होते. पहिल्या मसुद्यात तीनदा माफी मागितली होती, ती खोडली.

अमेरिकन साहेबाचं दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 3 डॉलरवाली मिळाली आहे, धन्यवाद. माझं निम्मं काम त्याचंच होतं. त्या महिन्याची फी आईकडून उसनी घेतली, आणि ते मला अजून बोचतं. चूक माझीच. सगळ्यांना एकदम नवा भाव सांगायला नको होता, आधी नव्या गिऱ्हाइकाला सांगून बघायचा, तिथे जमला की मग जुन्यांना. दुसरी एक कॅनडाची बाई होती, तिने एका ओळीत लिहिलं, 1 तारखेपासून चालेल. तिचं काम आजही माझ्याकडे आहे.

मागच्या महिन्यात 11 डॉलर केले. आजी आता शहाऐंशीची आहे. तिला रुपयांत आकडा सांगितला. तिने चष्मा वर केला आणि विचारलं, "अस्तरासकट?"