काखेतला कळसा

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ही म्हण सध्या माझा पिच्छा सोडत नाही, आणि दरवेळी मला तिच्यातल्या बाईची बाजू घ्यावीशी वाटते. वेंधळी म्हणून तिला सगळे निकालात काढतात. ती गावभर का हिंडली, हे मात्र कुणी विचारत नाही. कळसा भरलेला होता की रिकामा, हेही म्हण सांगत नाही. कदाचित काखेत काहीतरी आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं, पण ते आपलं आहे असं तिला कधी कुणी म्हटलं नव्हतं.

पुण्यात नवी पेठेतून, सदाशिव पेठेतून चालताना दर दहा पावलांवर अभ्यासिकेची पाटी दिसते. आत प्लायवूडचा आडोसा, हातभर टेबल, मोबाइल चार्ज करायची सोय, समोर चिकटवलेलं वेळापत्रक, कोपऱ्यात पाण्याची बाटली. गावाकडून महिन्याला येणाऱ्या पैशांतून मुलं या जागेचं भाडं भरतात. यातल्या कितीतरी मुलांची नावं कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयाच्या पटावर असतात. तिथल्या ग्रंथालयाची फी त्यांनी भरलेली असते. तरीही वळसा.

आम्हा शिक्षकांच्या बैठकांत यावर उपाय निघतात. पहिल्या आठवड्यात ग्रंथालयाची ओळख, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, नव्या पुस्तकांचं प्रदर्शन, वर्षअखेरीस उत्कृष्ट वाचकाला पारितोषिक. हे सगळं करावंच. मी त्यात मनापासून राबते. पण प्रथम वर्षाची एक मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिने बॅग बाहेर ठेवली, टोकन घेतलं, नोंदवहीत नाव, वर्ग, वेळ लिहून सही केली. मग काउंटरवर मागणी चिठ्ठी घेतली. चिठ्ठीवर रकाने होते: ग्रंथाचं नाव, लेखक, दाखल क्रमांक. तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि पेन थांबलं. तिला कुठलं पुस्तक हवं होतं ते तिलाच माहीत नव्हतं. नुसतं बघायचं होतं. बघण्यासाठी चिठ्ठीत रकाना नव्हता. कुणी तिच्यावर डाफरलं नाही, कुणी अडवलं नाही. चिठ्ठी मुठीत चुरगाळून ती वाचनकक्षात गेली आणि स्वतःच्याच नोट्स काढून बसली.

कळसा म्हटला की पाणी येतंच. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले करावेत, असा समाजसुधारक बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 साली मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं होतं, पण 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तिथे गेले, तोवर ते पाणी कुणा अस्पृश्याच्या ओंजळीत आलं नव्हतं. मधली ती वर्षं मला फार विचारात पाडतात. त्या मुलीचं अडखळणं आणि हा इतिहास एका मापाने मोजता येत नाही. तळ्यावर गेलेल्यांनी मार खाल्ला होता. तरी खुलं असणं आणि आपण जाऊ शकतो असं वाटणं यांच्यात अंतर असतं, हे मी तिथूनच शिकले. ते अंतर नियमाने कमी होत नाही. मग कशाने होतं?

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्याकडे उत्तर असेल असं वाटून मी त्यांच्याकडे वळले. गणिताचे हे प्राध्यापक 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा त्यांना तिथे करमेना. परत शिकवायला जाऊ द्या, म्हणून ते अडून बसले होते. लंडनला जाऊन तिथली ग्रंथालयं पाहिल्यावर मात्र ते या कामाचेच झाले आणि परतल्यावर त्यांनी वाचकांना थेट कपाटांपर्यंत जाऊ दिलं. 1931 च्या त्यांच्या पंचसूत्रीतलं पहिलं सूत्र, पुस्तकं वापरासाठी असतात, मला जीव की प्राण आहे. चौथ्यापाशी मात्र मी अडते. वाचकाचा वेळ वाचवा, असं ते सांगतं. आज संगणकावर नाव टाकलं की पुस्तक आहे की नाही ते क्षणात कळतं आणि मूल दोन मिनिटांत बाहेर पडतं. पण जिथे आपला वेळ वाया गेलेला नाही, अशी कुठली जागा आपली झाली आहे? कपाटांच्या बोळांतून उगाच भटकताना, हवं ते सोडून भलतंच पुस्तक उघडून उभ्या उभ्या वाचताना पाय दुखू लागतात, तेव्हा कुठे ओळख होते. उद्या पेपर असलेल्या मुलाला हे सांगायचा मला काय अधिकार, हेही कळत नाही.

अभ्यासिकेत मुलांना खरं तर स्वतःचं टेबल मिळतं, एवढंच असेल. म्हणून मी एका ग्रंथपालांना म्हटलं, "सर, वाचनकक्षातल्या काही जागा मुलांना वर्षभरासाठी नावानिशी देऊन बघूया का? रात्री पुस्तकं तिथेच राहू देत." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मॅडम, देऊ. पण ज्यांना मागायचं धाडस आहे तेच आधी मागतील. आणि जुलैत नवीन येणारं पोर दारात उभं राहून बघेल, तर प्रत्येक टेबलावर दुसऱ्याचं नाव."

त्या मुलीचा विचार करते तेव्हा त्यांचं म्हणणं पटतं. पेठांतली मुलं आठवली की माझंही खरं वाटतं. नावानिशी जागांसाठीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे, तो अजून पुढे धाडलेला नाही.