मिलिमीटरला एक वर्ष

आमच्या उपनगरात नवघर रोडला नव्या टॉवरचं काम निघालं की आधी बोअरिंगचं यंत्र येतं. वरचा भराव आणि खाडीचा काळा, चिकट गाळ पिशव्यांत भरून जातो. खाली खडक लागला की त्याचे मनगटाएवढे जाड दांडके निघतात. ते खोलीच्या क्रमाने लांबट पेट्यांत मांडून ठेवतात आणि वर खडूने मीटर लिहितात. इंजिनियरला त्यातून एवढंच कळायला हवं असतं, की पाइल कुठवर न्यायची. मला विचाराल तर आमच्या भागातलं सगळ्यात चांगलं प्रदर्शन हेच. तेही पत्र्याच्या कुंपणाआड.

*

दख्खनचा लाव्हा वाहिला सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी. त्या पेट्यांतले, म्हणजे साष्टी बेटाचे, खडक त्याच उलथापालथीच्या शेवटच्या पर्वातले, थोडे धाकटे. इथे ‘थोडे’ म्हणजेसुद्धा लाखो वर्षं.

आकडा पचत नाही म्हणून एक हिशेब मांडला. पश्चिम रेल्वेच्या रुळांवर एक वर्ष म्हणजे एक मिलिमीटर, सुरुवात चर्चगेटला. आपलं आख्खं आयुष्य तिकिटाच्या लांबीएवढं. कान्हेरीची सर्वांत जुनी लेणी दोन मीटरवर, म्हणजे पहिला डबाही ओलांडत नाही. आणि लाव्हा? विरार मागे टाकून वैतरणेच्या आसपास.

हिशेब बरोबर आहे, पण डोळ्याला त्यातलं काहीच जाणवत नाही. गणित जिथे हात टेकतं तिथून चित्रकाराने पुढे जावं, अशी अपेक्षा.

*

चित्रकार जितीश कल्लाट यांचं 2010-11 मधलं ‘एपिलॉग’ हे काम. वडिलांच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या प्रत्येक रात्रीचा चंद्र, असे बावीस हजारांहून अधिक चंद्र त्यात आहेत. प्रत्येक चंद्र म्हणजे चपातीचा फोटो, कलेकलेने खाल्लेली आणि पुन्हा भरत गेलेली. माझ्या मापाने हे आयुष्य भरतं सहा सेंटिमीटर. ते सहा सेंटिमीटर चालून बघायला भिंतीच्या भिंती लागतात. काळ छोटा करून दाखवणारे पुष्कळ आहेत. इथे तो होता तेवढाच ठेवून मोजायला लावलाय.

*

प्रभाकर पाचपुते. चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती हे त्यांचं गाव, जन्म 1986 चा. घराण्याच्या तीन पिढ्या कोळसा खाणीत. शिक्षण शिल्पकलेचं, पण नाव झालं ते कोळशाने थेट भिंतीवर काढलेल्या प्रचंड चित्रांमुळे. 2012 मध्ये कुलाब्याच्या क्लार्क हाउसमध्ये त्यांचं ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ लागलं. 2021 चा आर्टेस मुंडी पुरस्कार अंतिम यादीतल्या सहाही कलावंतांना मिळून दिला गेला, त्यांतले एक पाचपुते.

त्यांची माणसं बघा. एखाद्याच्या धडावर डोक्याऐवजी दिवा किंवा अवजार असतं. कुठे जनावर, यंत्र आणि टेकडी एकमेकांत मिसळून चालू लागतात. खाण म्हणजे खड्डा असं आपण समजतो. इथे तो खड्डा माणसाच्या अंगात शिरलाय.

वर्धा खोऱ्यातला दगडी कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना. माझ्या रुळांवर तो सुरतेच्या आसपास येतो. चित्र काढायचा कोळसा मात्र लाकडाचा, कालपरवा जाळलेला. भिंतीवरचं चित्र प्रदर्शन संपलं की बहुधा रंगाखाली जातं. एवढा जुना विषय आणि एवढं अल्पायुषी चित्र! हे मला पटतं. खाणीला लागलेली जमीनही अशीच जाते. फरक इतकाच, की तिच्यावर कुणी पांढरा हात मारत नाही.

*

स्कॉटलंडच्या कलावंत केटी पॅटरसन यांनी 2013 मध्ये 170 जीवाश्मांचे मणी घडवून माळ ओवली. पृथ्वीवरच्या जीवसृष्टीचा इतिहास एका गळ्यात. कल्पना देखणी आहे, पण फारच देखणी. अब्जावधी वर्षं अशी मऊसूत झालेली पाहून मला थोडी धास्तीच वाटते.

*

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला हत्ती आहे, सुमारे अठरा मीटर लांब. त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. जवळ उभं राहिलं तर नुसत्या चरी दिसतात, हत्ती कळायला उंची लागते. आता ड्रोन आहे. कोरणाऱ्यांना उंची कुठली? तरी रेषा चुकलेली नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सहकाऱ्यांनी गावोगाव चालून, गुराख्यांना विचारून अशी शेकडो चित्रं शोधली. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. जांभा हा बहुतेक बसाल्टच झिजून तयार झालेला. म्हणजे कागदसुद्धा काळानेच बनवून दिलेला.

‘समकालीन’ या शब्दावर हक्क सांगणाऱ्यांनी एकदा त्या सड्यावर उन्हात उभं राहावं.

*

गॅलरी आपली नव्हे, असं उपनगरात पुष्कळांना वाटतं. काळा घोड्याला जहांगीरमध्ये जायला तिकीट लागत नाही. जाल तेव्हा जवळच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाची भिंतही बघून या. तो पिवळसर दगड मालाडचा आहे, आपल्याच लाइनवरचा.