चाकांवरचें गांव

निवृत्त मनुष्यास आपल्या घराघरांतून मान पुष्कळ मिळतो. मिळत नाहीं तें काम. सकाळचा पहिला चहा त्याला, झोपाळ्यावरील जागा त्याची, सणावारीं पहिला नमस्कारही त्यालाच. परंतु त्यानें पाण्याची बादली उचलावयास हात पुढें केला मात्र, कीं चारी बाजूंनीं आवाज उठतो, "राहूं द्या, तुम्ही बसा!" हें बसणें किती अवघड असतें, तें ज्यावर बसण्याची पाळी येते त्यालाच कळतें. छत्तीस वर्षें वर्गांत उभें राहून संस्कृत शिकविलेल्या मजसारख्याला तर तें विशेषच जड गेलें.

दोन वर्षांपूर्वीं माझी पत्नी निवर्तली. त्यानंतर धाकट्या चिरंजीवांनीं मला आग्रहानें इंग्लंडांत लेस्टर येथें आपल्या बिऱ्हाडीं नेलें. घर उबदार, सून प्रेमळ, नातवंडें गोड, पण मंत्र तोच, "बाबा, तुम्ही बसा." अशांत मे महिन्याच्या अखेरच्या सुटीस चिरंजीवांच्या मंडळाचा मेळावा आला. हें मंडळ मोटारघरें बाळगणाऱ्यांचें. मोटारघर म्हणजे मालमोटारीच्या सांगाड्यावर उभारलेली खोली. तींत बिछाने, शेगडी, शीतकपाट, न्हाणी, सर्व कांहीं असतें. चिरंजीव मेळाव्याचे व्यवस्थापक होते, आणि त्यांच्या हाताखालील एक स्वयंसेवक ऐन वेळीं आजारी पडला होता. "बाबा, याल का मदतीला?" असें त्यांनीं विचारलें. पुष्कळ दिवसांनीं मजपाशीं कोणी कांहीं मागितलें होतें.

हा छंद तिकडे कालपरवांचा नव्हे. गॉर्डन स्टेबल्स या आरमारांतून निवृत्त झालेल्या डॉक्टरानें १८८५ सालीं केवळ हौसेखातर 'वाँडरर' नांवाचें दोन घोड्यांचें फिरतें घर बांधवून घेतलें आणि तें इंग्लंडांतून थेट स्कॉटलंडपर्यंत नेलें. वाट मोकळी आहे कीं नाहीं हें पाहावयास त्याचा चाकर तीन चाकी सायकलवर पुढें जात असे. १९०१ सालीं सायकलवर तंबू लादून हिंडणाऱ्यांनीं आपला संघ काढला. १९०७ सालीं फिरत्या घरांच्या हौशी मंडळींनीं कॅरव्हॅन क्लब स्थापन केला. पुढें घोडे गेले, मोटारी आल्या, आणि २०१७ सालीं त्या क्लबानें आपल्या नांवांत 'मोटारहोम' हा शब्दही घातला.

मेळाव्यांस कायद्याचा आधार आहे. तेथील १९६० च्या कायद्याप्रमाणें सवलत मिळालेल्या संस्थेस आपल्या सभासदांचा मेळावा एखाद्या शेतावर पांच दिवसांपर्यंत निराळ्या परवान्यावांचून भरवितां येतो. मात्र देखरेखीचा भार त्या संस्थेवरच असतो. आमचा मेळावा श्रॉपशायर परगण्यांत एका शेतकऱ्याच्या कुरणावर होता. तेथें पगारी नोकर एकही नव्हता. आंखणी, पाणी, सफाई, दिवाबत्ती, सर्व कामें सभासदांनींच वांटून घेतलेलीं.

माझ्या वांट्यास आंखणी आली. दोन मोटारघरांमध्यें सहा मीटर अंतर हवें, आणि त्यांपैकीं तीन मीटर जागा तरी पूर्ण मोकळी हवी. कारण प्रत्येक घरांत गॅसची टाकी असते, आणि एकास आग लागली तर ती शेजाऱ्यापर्यंत पोंचूं नये. शुल्बसूत्रें मीं तरुणपणीं वाचलीं होतीं. शुल्ब म्हणजे दोरी. दोरी आणि खुंट्या एवढ्या साधनांवर आपल्या पूर्वजांनीं यज्ञवेदी आंखल्या. तीच साधनें घेऊन, चिखलाचे बूट चढवून, मी परक्या मुलुखांतील कुरणावर रांगा आंखूं लागलों, तेव्हां कोणती विद्या कोठें उपयोगीं पडेल याचें मला मोठें कौतुक वाटलें.

दुपारपासून घरें येऊं लागलीं, चाळीसएक असतील. उतारावर उभ्या केलेल्या गाडीच्या चाकांखालीं पाचरी द्याव्या लागतात, कारण गॅसवर चालणारें शीतकपाट तिरकें राहिलें तर नीट थंड होत नाहीं. रात्रीं पाऊस पडला. बहुतेक गाड्यांस ओढ पुढच्या चाकांची आणि बोजा मागें. ओल्या गवतांत पुढचीं चाकें नुसतीं गरगरतात. दोन गाड्या रुतल्या. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर येईपर्यंत मी इतरांस कोरड्या वाटेनें वळवीत उभा होतों. त्या दिवशीं मला "बसा" असें कोणीही म्हटलें नाहीं.

प्रत्येक घरांत शौचकूपाचा सुमारें वीस लिटरांचा सुटा डबा असतो. तो भरला कीं नेमलेल्या जागीं रिता करावयाचा. ती जागा धुण्याची पाळी स्वयंसेवकांत फिरते. शनिवारीं ती खुद्द अध्यक्षांची होती. हे गृहस्थ एका मोठ्या पेढीवरील निवृत्त अधिकारी. त्यांनीं कोपरापर्यंत मोजे चढविले आणि पावसापाण्याच्या गोष्टी करीत कामास आरंभ केला. मीं दुसरा कुंचा उचलला. मी सोंवळ्याओंवळ्याच्या घरांत वाढलेला. पण काम आटोपून स्नान केलें आणि संध्येस बसलों, तेव्हां ती नित्यापेक्षां अधिक एकाग्र झाली.

मनांत घर करून राहिलें तें मात्र निराळेंच. शुक्रवारीं संध्याकाळीं एक मोटारघर आलें, तें ऐंशीच्या घरांतील एक बाई स्वतः चालवीत होत्या. अनेक वर्षें त्या पतीसह मेळाव्यास येत. पती गेल्या हिवाळ्यांत वारले. त्या एकट्याच आल्या होत्या. मला वाटलें, आतां मंडळी गोळा होतील, डोळे पुसतील. तसें कांहीं झालें नाहीं. अध्यक्षांनीं त्यांचा हात क्षणभर हातांत धरला आणि येणाराजाणारांची नोंदवही त्यांच्या पुढ्यांत ठेवली. "ही दरवर्षीं तुमचे यजमान लिहीत असत, यंदां तुम्ही लिहा." फाटकाशीं टेबल मांडून बाई कामाला लागल्या. पहिलीं दोन नांवें लिहितांना त्यांचा हात कांपत होता. पुढें अक्षर स्थिर झालें.

मी जवळच दोरी गुंडाळीत होतों. शोकाकुल माणसास विसांवा द्यावा, एवढेंच आपण जाणतों. त्याच्या हातीं लेखणी द्यावी, हें सहसा कोणास सुचत नाहीं. त्या रात्रीं छपरावर पावसाचे थेंब वाजत असतां पत्नीची आठवण आली. ती नेहमीच येते. पण त्या रात्रीं ती छातीवर दगड होऊन बसली नाहीं. अंग दमलेलें होतें, झोंप लागली.

रविवारीं ध्वजाजवळ सर्वजण जमले आणि स्वयंसेवकांचीं नांवें वाचण्यांत आलीं. अध्यक्षांनीं माझ्या नांवाचे तीन तुकडे केले, तरी टाळ्यांत कसर झाली नाहीं. सोमवारीं दुपारीं कुरण मोकळें झालें. कागदाचा एक कपटाही मागें नव्हता. खुंट्यांचीं भोंकें तेवढीं राहिलीं होतीं. तीं मीं पायानें बुजविलीं.

वडील माणसांस काम सांगणें हा त्यांचा अवमान, अशी समजूत आपल्या मोठ्या कुटुंबांत आहे. ती प्रेमांतूनच उपजलेली आहे, हें मी जाणतों. परंतु ज्या घरांत आपल्यावांचून कांहीं अडत नाहीं, त्या घरांत माणूस पाहुणा होतो, मग तें घर त्यानें स्वतः बांधलेलें कां असेना. झेपेल तेवढेंच काम सांगावें. पण सांगावें, आणि त्यानें तें केलें नाहीं तर खोळंबा व्हावा असें सांगावें.

वाईस परतल्यावर मीं थोरल्या सूनबाईंपाशीं एवढेंच मागून घेतलें. सकाळचें दूध आतां मी आणतों. पावसाचे दिवस असले म्हणजे सूनबाई दारांत येऊन छत्री हातीं देतात, आणि "लवकर या, चहा खोळंबलाय," असें बजावतात.