बेंझीनच्या पीकखाली

लॅबमध्ये सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मी ताई. मी तेव्हा कंत्राटावर होतो.

पेट्रोलमधले घटक वेगळे करायला आमच्याकडे १०० मीटरचा कॅपिलरी कॉलम होता, आतून जेमतेम पाव मिलिमीटरचा. एका नमुन्याला दोन तासांहून जास्त लागायचे, शेकडो पीक यायचे, ग्राफ देखणा दिसायचा. ताईंचा देखणेपणावर भरवसा नव्हता. "अरे, बेंझीनखाली आणखी कोणीतरी बसलंय," त्या म्हणाल्या. बसलंच होतं. या जातीच्या कॉलमवर १-मेथिलसायक्लोपेंटीन जवळपास बेंझीनबरोबरच बाहेर पडतं, आणि एफआयडी या डिटेक्टरच्या ज्योतीला कार्बन जळलेला कळतो, कुणाचा ते कळत नाही. बीएस-६ पेट्रोलमध्ये बेंझीन १ टक्क्याच्या आत लागतं. काठावरचा चांगला माल अशाने नापास व्हायचा.

उपाय जुनाच आहे: पुढे ५ टक्के फिनाइलचा छोटा प्रीकॉलम जोडायचा, तो बेंझीनला जरा जास्त धरून ठेवतो. पण त्याची नेमकी लांबी कोणी विकत देत नाही. मुद्दाम लांब जोडायचा, नमुना चालवायचा, थोडा कापायचा, पुन्हा चालवायचा. लांबी चुकली तर बेंझीन सुटतं आणि टोल्युईन शेजाऱ्याला चिकटतं. एकदा जास्त कापलं की संपलं, म्हणून ताई घाई करू देत नसत. काप भिंगाखाली सरळ दिसल्याशिवाय फेरूल चढवायची नाही. कापलेला प्रत्येक तुकडा सेलोटेपने वहीत, शेजारी लांबी आणि त्या दिवसाचं रिझोल्यूशन. मला तेव्हा हा छांदिष्टपणा वाटायचा.

बेंझीन सुटलं. पद्धतीचं टिपण वर गेलं तेव्हा 'तयार करणार' या रकान्यात ताईंनी माझं नाव घातलं; स्वतःचं घातलं 'तपासणार'मध्ये. मी कायम झालो त्यात या कागदाचा वाटा मोठा होता. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, मलाही काढू दिला नाही.

त्या निवृत्त झाल्यावर वाहक वायू म्हणून हेलियम परवडेना, म्हणून मी हायड्रोजनवर गेलो. वेळ बराच वाचला, पण घटक बाहेर पडण्याचं तापमान बदललं की ॲरोमॅटिक्स पॅराफिनांच्या तुलनेत सरकतात. टोल्युईन पुन्हा चिकटलं. फोन केला. टोल्युईनचं ऐकून घेण्याआधी त्यांनी विचारलं, "ओव्हनमध्ये गळतीचा सेन्सर बसवलास का?"

बसवला होता. मग त्यांनी वहीतलं कुठलं पान उघडायचं ते सांगितलं.