थांबण्याची विद्या

गाडी किती वेगाने धावते, याचे कौतुक सारेच करतात; ती वेळेवर थांबते, याची आठवण मात्र फार थोड्यांना असते. सात जणांच्या कुटुंबाला घेऊन एखादी मोठी एसयूव्ही आंबोली घाट उतरू लागली, की साऱ्यांचे प्राण ब्रेकच्या भरवशावर असतात. चालकाच्या पायाचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकांपर्यंत पोहोचतो; पॅड डिस्कला आवळतात आणि गतीची उष्णता होते.

बहुतेक गाड्यांतील हे ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. लांब उतारावर ते तापून त्यात वाफेचे बुडबुडे झाले, तर पेडल तळापर्यंत दाबूनही ब्रेक लागत नाही. म्हणून साधारणतः दर २ वर्षांनी ते बदलावे लागते.

घरच्या घरी करण्याजोगे पुष्कळ आहे. सपाट जागी गाडी उभी करून ऑइलची पातळी पाहावी. ती उतरली असेल, तर पॅड झिजले आहेत किंवा कुठे गळती आहे, असे समजावे. नुसती भर घालून स्वस्थ बसू नये. चाकाच्या फटीतून पॅडची जाडी न्याहाळावी. ती ३ मिलिमीटरच्या आसपास आली, की पॅड बदलण्याची वेळ झाली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नये. पुढचे काम जाणत्या मेकॅनिकचे.

रविवारच्या या दहा मिनिटांचे कौतुक घरात कोणी करत नाही. टळलेल्या अपघाताची बातमी होत नसते. संध्याकाळी सारी माणसे सुखरूप घरी येतात, एवढेच.