आषाढातले मुंबईचे आकाश

मुंबईला रेल्वेने येणाऱ्याला पावसाची चाहूल कसारा किंवा खंडाळ्याच्या घाटात लागते. विमानाने येणाऱ्याला ती लागते पट्टा बांधायला सांगणाऱ्या दिव्यातून. खिडकीबाहेर पिंजलेल्या कापसासारखे ढग असतात. मग एकाएकी सगळे करडे होते आणि विमान खड्ड्यांतून जाणाऱ्या एस. टी.सारखे हादरू लागते. 'थोड्याच वेळात उतरू' अशी घोषणा होते. हा थोडा वेळ कधी दहा मिनिटांचा असतो, तर कधी पाऊण तासाचा. तेवढ्या वेळात खाली जमिनीवर काय चाललेले असते, याची कल्पना प्रवाशांना क्वचितच असते.

जुन्या मुंबईकरांच्या तोंडी अजूनही 'सांताक्रूझ' आणि 'सहार' हीच नावे असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाची जागा मोठी अडचणीची. पश्चिमेला जुहूचा समुद्र, पूर्वेला कुर्ला-घाटकोपरची दाट वस्ती आणि टेकड्या, कुशीतून वाहणारी मिठी नदी. धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या. त्यामुळे एका वेळी साधारणपणे एकीचाच उपयोग होतो आणि गर्दीच्या तासात त्या एकीवरून चाळीसहून अधिक विमाने ये-जा करतात. विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते. पावसाळी वारा समुद्रावरून येतो, म्हणून या दिवसांत विमाने घाटकोपरच्या बाजूने येऊन समुद्राकडे तोंड करून उतरतात. या दिशेच्या पट्टीला म्हणतात 'सत्तावीस', म्हणजे होकायंत्रावरचे २७० अंश, शेवटचे शून्य गाळून!

विमानतळावरचा सुमारे ८४ मीटर उंचीचा नियंत्रण मनोरा २०१४ पासून कामाला लागला. स्वच्छ हवेत त्याच्या काचांतून सारा परिसर तळहातासारखा दिसतो. मुसळधार सरीत मात्र समोरची धावपट्टीही पुसट होते. तोवर उतरणाऱ्या विमानाची काळजी वाहिलेली असते ती रडार कक्षातल्या नियंत्रकांनी. त्यांना आभाळ दिसतच नाही. दिसतात ते पडद्यावरचे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी विमानाचे नाव, उंची, वेग. लांबच्या हद्दीचा नियंत्रक विमान जवळच्या नियंत्रकाकडे सोपवतो, तो मनोऱ्याकडे, आणि उतरल्यावर ते जमिनीवरची वाहतूक पाहणाऱ्याकडे जाते. दर वेळी वैमानिक रेडिओची वाहिनी बदलतो, नवा आवाज ऐकतो.

या साखळीत हवामान खात्याची माणसेही असतात. वाऱ्याची दिशा, किती मीटरपर्यंत दिसते, ढग किती खाली आहेत, याची नोंद दर अर्ध्या तासाने दिली जाते; हवा अचानक फिरली, तर मध्येच खास इशारा निघतो. त्यातला हवेच्या दाबाचा आकडा फार मोलाचा. विमानातले उंचीमापक हवेच्या दाबावरून उंची सांगते. दाबाच्या आकड्यात एका हेक्टोपास्कलची चूक झाली, तर उंचीत जवळजवळ ३० फुटांचा फरक पडतो. दहाची चूक म्हणजे तीसमजली इमारतीएवढी. ढगात काहीच दिसत नसताना ही चूक जिवावर बेतू शकते.

म्हणूनच ऐकलेली महत्त्वाची सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची, हा नियम. नियंत्रकाने ती कान देऊन ऐकायची आणि चुकल्यास तिथल्या तिथे दुरुस्त करायची. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. दोघे एकदम बोलले, तर बाकीच्यांना नुसती कर्कश शीळ ऐकू येते. आणि वादळी ढग समोर आले की प्रत्येकालाच बोलायचे असते: कुणाला डावीकडे वळायचे असते, कुणाला वर जायचे असते. अशा वेळी कमीत कमी शब्दांत, ठरलेल्याच भाषेत बोलणे हे नियंत्रकाचे कसब. पुढे गेलेल्या वैमानिकाने सांगितलेले धक्के आणि वाऱ्याचे झोत तो मागून येणाऱ्याला कळवतो. उतरणे शक्य नसेल, तर विमानांना ठरलेल्या जागी, एकाखाली एक हजार फुटांचे अंतर ठेवून घिरट्या घालायला लावतो. इंधन पुरणार नसेल, तर वैमानिक अहमदाबाद, हैदराबाद किंवा नागपूरचा रस्ता धरतो.

नेमक्या शब्दाचे मोल काय, हे २५ जानेवारी १९९० च्या रात्री न्यूयॉर्कजवळ दिसले. कोलंबियाहून आलेले आव्हियांका कंपनीचे बोइंग ७०७ खराब हवेमुळे एकूण सव्वा तासाहून अधिक काळ आकाशात ताटकळले. इंधन संपत आल्याचे वैमानिकांनी नियंत्रकांना सांगितले, पण 'इमर्जन्सी' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला आणि दुसऱ्यासाठी वळत असताना इंजिने बंद पडली. १५८ पैकी ७३ जणांचा बळी गेला. आज इंधनाच्या बाबतीत काय आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, हे जगभर ठरलेले आहे. 'मेडे फ्युएल' हे शब्द कानी पडले की त्या विमानाला वाट मोकळी करून दिली जाते.

कधी कधी मात्र शब्दही हात टेकतात. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच वेळी कुलाब्याला पडला जेमतेम ७३! मिठी फुगली, धावपट्ट्यांवर पाणी चढले आणि विमानतळ तीस तासांहून अधिक काळ बंद राहिला. मुंबईचा पाऊस एका उपनगरापासून दुसऱ्यापर्यंत किती बदलतो, हे त्या दिवशी साऱ्या देशाला कळले. नियंत्रकांचा तर दर पावसाळ्यातला तो अनुभव.

पावसाळ्यात विमान टेकता टेकता पुन्हा वर झेपावले, तर प्रवाशांच्या काळजात धस्स होते. खरे तर ते नेहमीच्या सरावातले पाऊल आहे. वैमानिकाला पट्टी दिसली नाही, किंवा आधीचे विमान अजून बाजूला झालेले नाही, एवढाच बहुधा त्याचा अर्थ. बाहेर फलकावर 'विलंब' हा शब्द लागतो आणि न्यायला आलेली मंडळी छत्र्या मिटून चहाकडे वळतात. वर नियंत्रकाने त्या विमानाला पुन्हा रांगेत जागा दिलेली असते, आणि वैमानिक मिळालेला आकडा परत म्हणून दाखवत असतो.