ऐनवेळचे विषय

निवडणुकीला माणूस उभा राहतो, असे आपण म्हणतो. मराठीची प्राध्यापिका असूनही या वाक्प्रचारावर मी कधी विचार केला नव्हता. या वर्षी जुलैमध्ये आमच्या प्राध्यापक संघटनेच्या कार्यकारिणीसाठी मी स्वतःच उभी राहिले, तेव्हा ध्यानात आले की त्या तीन आठवड्यांत मी उभी अशी फारशी राहिलेच नाही. बसलेच अधिक. कुठल्या तरी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, डगमगत्या खुर्चीवर, साय धरलेल्या चहासमोर.

आता ही संघटना म्हणजे काही मोठे प्रस्थ नव्हे. विद्यापीठाच्या हद्दीतल्या कॉलेजांतली कायम नोकरीतली मंडळी तिचे सभासद. पंधरा जणांची कार्यकारिणी, तीन वर्षांची मुदत. घरी बातमी सांगितली तेव्हा सासूबाईंनी विचारले, "मग गाडी देतात का गं?"

"नाही हो, आई."

"शिपाई तरी?"

"तोही नाही."

त्यांनी पुन्हा पोथीत डोके घातले. आमच्या ह्यांनी मात्र बँकेच्या युनियनमध्ये वीस वर्षे काढलेली. ते म्हणाले, "तुमची कसली आलीय युनियन! आम्ही संप केला तर लोक ओरडतात. तुम्ही केलात तर पोरं पेढे वाटतात."

मला ते झोंबले, पण अगदीच खोटे नव्हते. शिक्षक म्हणजे नेमका कोण, याचा निकालच आपल्याकडे गमतीचा लागलेला आहे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था हाही उद्योगच, असे ठरवले. दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की शिक्षक हा औद्योगिक कायद्यातला कामगार नव्हे. म्हणजे कारखाना खरा, पण त्यात खडू हाती धरणारा कामगार नाही! तरीही या कामगार नसलेल्या माणसांनी १९८७ साली देशभर संप केला होता, आणि २०१३ साली महाराष्ट्रात परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला, तो फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत चालला. त्यातल्या ७१ दिवसांच्या पगाराचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे रेंगाळला. मी तेव्हा नोकरीत नवखी होते. घराचा हप्ता ह्यांच्या पगारातून गेला. तेव्हापासून संघटना म्हटले की मी वर्गणी भरत असे आणि सभेला जाण्याचे टाळत असे.

अशा मला शोधून काढले ते अण्णांनी. अण्णा म्हणजे संघटनेतले जुने खोड. एके दिवशी ते तास संपायची वाट पाहत दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, यंदा तुम्ही हव्यात. पॅनेलमध्ये एक महिला लागतेच. शिवाय तुम्ही मराठीच्या. पत्रकाचा मजकूर आमचे विज्ञानवाले लिहितात, तो कुणाला कळत नाही."

माझ्या पात्रतेविषयी याहून अधिक काही बोलणे झाले नाही. तरी मी हो म्हटले, आणि त्याचे कारण अण्णांना ठाऊक नव्हते.

आमच्याच विभागात एक मुलगी शिकवते. मुलगी म्हणायचे आपले, चौतिशीची आहे. माझ्याच हाताखाली बी.ए. झाली. मराठी घेऊ की अर्थशास्त्र, असे विचारायला आली होती तेव्हा, "मराठीच घे, तुला भाषेचा कान आहे," असे मीच छातीठोकपणे सांगितले होते. एम.ए. झाली, नेट झाली आणि मग तासिका तत्त्वावर लागली. ते तत्त्व काय आहे हे ज्यांच्या घरात कुणी त्यावर नाही त्यांना सांगायला हवे. जितके तास घ्यायचे तितक्यांचे पैसे. २०१८ साली पदवीच्या तासाला पाचशे रुपये ठरले होते, २०२२ मध्ये त्याचे नऊशे झाले. तिच्या वाट्याला आठवड्याला नऊ तास येतात. परीक्षा आल्या की तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत. सुट्टी लागली की पैसे नाहीत. आणि जे होतात तेही महिनोन्‌महिने तुंबून एकदम येतात. जूनमध्ये पुन्हा नवी मुलाखत, नवी नेमणूक. अशी तिची नऊ वर्षे झाली. पेपर ती माझ्याइतकेच तपासते, स्नेहसंमेलनाला माझ्याहून अधिक राबते. दिवाळीच्या सुट्टीत मी चकल्या तळत असते तेव्हाही माझा पगार चालू असतो. तिचा बंद असतो.

तिने एकदा सहज विचारले होते, "मॅडम, संघटनेचा सभासद व्हायला काय लागतं?"

"कायम नोकरी," मी म्हटले. आणि दोघींनाही हसू आले. तिचे आधी थांबले.

तेव्हा मी पॅनेलचे पत्रक लिहायला बसले, ते मनात हे धरूनच. अकरा मागण्या झाल्या. जुनी पेन्शन होती, कारण २००५ च्या नोव्हेंबरनंतर लागलेल्या आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर नवी योजना येऊन बसलेली. पदोन्नतीच्या रखडलेल्या फायली होत्या. स्त्रियांच्या स्वच्छतागृहाला कडी असावी, अशीही एक मागणी मी घातली. ती वाचून अण्णा हसले, पण कडी राहिली. सातवी मागणी अशी होती: तासिका तत्त्वावरील अध्यापकांना संघटनेचे सभासदत्व व मत देण्याचा अधिकार मिळावा.

पत्रक टाइप कुणी करायचे? अर्थातच तिने. मराठी टंकलेखन विभागात तिच्याइतके कुणालाच येत नाही. तिने रात्री बसून केले, आणि दुसऱ्या दिवशी मी कागद अण्णांपुढे ठेवला.

अण्णांनी सातव्या मागणीवर बोट ठेवले. "बाई, मागणी रास्त आहे. माझा पुतण्याही तासिकेवरच आहे. पण दोन गोष्टी. हे लोक मतदार नाहीत. आणि जे मतदार आहेत त्यांतले निम्मे म्हणतील, हे आत आले की आपल्या प्रश्नांना कोण विचारतो? आपण आधी निवडून येऊ. मग बघू."

मला वाद घालता आला असता. पण "आधी निवडून येऊ" या शब्दांत काय जादू असते, ते उभे राहिल्याशिवाय कळत नाही. आठवड्यापूर्वी ज्या जागेची मला गरज नव्हती, ती आता हातची जाईल की काय या कल्पनेने माझ्या पोटात खड्डा पडला. मी पेन काढले आणि सातवी मागणी खोडून तिथे लिहिले: अध्यापनाशी संबंधित सर्व घटकांच्या न्याय्य प्रश्नांचा यथोचित पाठपुरावा करण्यात येईल.

वाक्य पाहा. व्याकरणात खोट नाही. कोण करणार ते नाही, कुणासाठी ते नाही, केव्हा ते नाही. "करण्यात येईल" हा प्रयोग सरकारी पत्रांत का येतो, ते मी दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला फोड करून शिकवते. पोरे खो खो हसतात.

दुरुस्त केलेला कागद पुन्हा तिच्याकडेच जाणार होता. मी तो टेबलावर ठेवून तासाला निघून गेले. संध्याकाळी छापायला तयार प्रत घेऊन ती आली.

"झालंय, मॅडम. फक्त सातव्यात घाईत एक य राहिला होता. न्याय्य. तो मी घातलाय."

"बरं केलंस," मी म्हटले. दुसरे काही सुचले नाही.

पुढच्या तीन आठवड्यांविषयी सांगण्यासारखे थोडेच. चार तालुके पालथे घातले. मतदारांनी मला बरेच काही विचारले: पदोन्नतीची फाईल कुठे अडली, माझे माहेर कुठले, मुलाचे लग्न जमवणारे कुणी ओळखीचे आहे का. पत्रक कुणी वाचल्याचे दिसले नाही. एका कॉलेजात मात्र स्टाफरूमच्या बाहेर बाकावर चारपाच तरुण बसले होते. मी सवयीने त्यांच्याही हाती पत्रक दिले. एकाने ते नीट वाचले, घडी घातली आणि परत दिले. "आम्हांला मत नाही, मॅडम. कुणाला तरी होईल."

पंधरा जागांना सतरा उमेदवार होते. मतपत्रिकेवर पंधरा फुल्या मारायच्या. मी पंधराव्या क्रमांकाने आले, चार मतांनी. ह्यांनी श्रीखंड आणले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, आणि गाडी खरेच नाही ना, याची पुन्हा एकदा खात्री करून घेतली. दुसऱ्या दिवशी विभागात माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा होता. पाव किलोचा. तिचे त्या सत्राचे बिल अजून निघालेले नव्हते, हे मला ठाऊक होते. मी दोन पेढे खाल्ले.

कार्यकारिणीची पहिली सभा झाली ती ऑक्टोबरात. विषयपत्रिकेवर सहा विषय, आणि सातवा आपला नेहमीचा: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. बँकेतले खाते कुणाच्या सहीने चालावे यावरच पाऊण तास गेला. सहावा विषय संपला तेव्हा पावणेआठ झाले होते आणि तालुक्याहून आलेल्या दोघांचे लक्ष शेवटच्या एसटीकडे लागले होते.

"ऐनवेळचे काही नसेलच," अध्यक्षांच्या खुर्चीवरून अण्णा म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावले.

माझ्या पर्समध्ये पत्रकाची पहिली प्रत होती, तिने टाइप केलेली. "एक आहे," मी म्हटले.

अण्णांनी घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्यांना विषय कळला असावा. ते रागावले नाहीत, टोपण काढून ठेवले आणि सचिवांना म्हणाले, "लिहून घ्या."

मी सातवी मागणी वाचली. एकदा वाचली, पुन्हा सावकाश सांगितली, कारण सचिव रसायनशास्त्राचे होते. कुणी विरोध केला नाही, कुणी पाठिंबाही दिला नाही. फक्त एक भूगोलाचे सर म्हणाले, "घटना बदलावी लागेल," आणि पिशवी उचलून एसटीसाठी निघाले.

विषयावर पुढच्या सभेत विचार करावा, असे ठरले. इतिवृत्तात मात्र माझे वाक्य जसेच्या तसे आले आहे. मी वही मागून पाहिली. पुढची सभा दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे.